नगरपरिषदेची सायबर सुरक्षा : तरतूद झाली आहे, सुरुवात कुठून करावी?

पूर्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी पश्चिम विदर्भातील एका लहान नगरपरिषदेत संगणक अभियंता आहे. यंदाच्या अंदाजपत्रकात सायबर सुरक्षेसाठी प्रथमच स्वतंत्र तरतूद झाली असून ती कशावर खर्च करावी, याचा प्रस्ताव मला मुख्याधिकाऱ्यांपुढे ठेवायचा आहे. रक्कम बेताचीच आहे. आतापर्यंत दोन पुरवठादार येऊन गेले. दोघांनीही फायरवॉल (बाहेरून येणारी इंटरनेटची वाहतूक गाळणारी यंत्रणा) आणि सर्व संगणकांसाठी अँटिव्हायरसचा परवाना एवढेच सुचवले, आणि दोघांच्याही दरपत्रकांत तरतुदीतला जवळजवळ प्रत्येक रुपया संपतो. एवढे घेतले की कार्यालय सुरक्षित झाले असे लिहून देण्याची माझी तयारी नाही, म्हणून येथे विचारत आहे.

सद्यःस्थिती सांगतो. मालमत्ता कर आणि पाणीपट्टीची प्रणाली एका खासगी कंपनीने करून दिलेली असून तिचा सर्व्हर आमच्याच इमारतीत आहे. त्याचा बॅकअप रोज रात्री एका बाह्य हार्ड डिस्कवर आपोआप घेतला जातो आणि ती डिस्क कायम सर्व्हरला जोडलेली असते. कंपनीचे तंत्रज्ञ दुरुस्तीसाठी दूरस्थ नियंत्रणाच्या सॉफ्टवेअरमधून आत येतात. ते सॉफ्टवेअर चोवीस तास चालू असते आणि त्याचा पासवर्ड कोणी बदलल्याचे कोणाला आठवत नाही. कर विभागात तीन लिपिक एकच लॉगिन वापरतात. दाखल्यांवर डिजिटल स्वाक्षरी करण्याचे डोंगल (संगणकाला लावायचे छोटे टोकन) ज्या अधिकाऱ्यांच्या नावाचे आहे त्यांच्याऐवजी कंत्राटी ऑपरेटरच्या खणात असते, आणि त्याचा पिन खणाच्याच आतल्या बाजूला चिकटवलेला आहे. सीसीटीव्ही, बोटांच्या ठशांचे हजेरी यंत्र, अभ्यागतांचे वायफाय आणि सर्व्हर हे सारे एकाच जाळ्यावर आहेत. निम्म्या संगणकांवर विंडोज १० आहे आणि ते विंडोज ११ घेण्यास पात्र नाहीत. संकेतस्थळाचे सुरक्षा लेखापरीक्षण मात्र झालेले असून त्याचे प्रमाणपत्र दप्तरी आहे.

यापैकी कशाला आधी हात घालावा, आणि पैशांशिवाय होण्यासारखे काय आहे, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

जुना_प्रोग्रामर

आपण परिस्थिती मोकळेपणाने मांडलीत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. फायरवॉल वाईट नाही, पण तिची पाळी बरीच नंतर येते. आपल्या यादीतली सर्वांत धोकादायक वस्तू म्हणजे तो पिन चिकटवलेला खण होय, आणि तो रिकामा करायला एक रुपयाही लागत नाही.

यवतमाळ जिल्ह्यातील एका छोट्या ग्रामपंचायतीच्या नावावर अवघ्या तीन महिन्यांत २७ हजारांहून अधिक जन्मनोंदी झाल्याचे २०२५ च्या अखेरीस उघडकीला आले, हे आपल्या भागातील असल्याने आपणांस ठाऊक असेलच. गावाची लोकसंख्या दीड हजाराच्या आसपास. तेथे कोणी भिंत फोडून आत शिरण्याची गरजच नव्हती. नोंदणीचा अधिकार ज्या आयडीला दिलेला होता तो आयडी ज्याच्या हाती गेला, त्याच्या दृष्टीने दार उघडेच होते. यंत्रणेच्या दृष्टीने त्यातली प्रत्येक नोंद रीतसर होती. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत जन्मदाखला हा जन्मतारीख आणि जन्मस्थळ यांचा एकमेव पुरावा ठरतो, त्यामुळे अशा एका आयडीची किंमत आता एखाद्या बँक खात्याच्या पासवर्डपेक्षा कमी राहिलेली नाही. फायरवॉलने यातली एकही नोंद थांबवली नसती.

डोंगलच्या बाबतीत कायदा अगदी स्पष्ट आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४२ प्रमाणे, ज्याच्या नावाचे प्रमाणपत्र आहे त्याने आपली खासगी कळ (डोंगलमधील स्वाक्षरीची गुप्त किल्ली) स्वतःच्या ताब्यात राहील याची वाजवी काळजी घ्यायची असते, आणि ती दुसऱ्याच्या हाती गेली असल्यास प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला विनाविलंब कळवायचे असते. ते कळवेपर्यंत जबाबदारी त्याचीच राहते. प्रस्तावाच्या पहिल्या परिच्छेदात हे कलम उद्धृत करा. साहेब बाकीचे वाचोत वा न वाचोत, स्वतःच्या नावाची जबाबदारी असलेला परिच्छेद वाचल्याशिवाय राहत नाहीत.

दुसरी गोष्ट जाळ्याची. दिल्लीच्या एम्सवर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी हल्ला झाला, पाच सर्व्हर बाधित झाले, सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली आणि देशातील सर्वांत नामांकित सरकारी रुग्णालय सुमारे दोन आठवडे कागदी केसपेपरवर चालले. सरकारने संसदेत जे कारण सांगितले ते जाळ्याचे योग्य विभाजन नसणे हे होते. आपल्याकडे सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, ज्याचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बहुधा अजून तोच असेल, थेट कर सर्व्हरशी बोलू शकतो; म्हणजे एम्सची अडचण लहान आकारात आपल्या इमारतीत आहे. आपला स्विच (संगणकांना जाळ्यात जोडणारे यंत्र) व्हीलॅन, म्हणजे एकाच जाळ्याचे वेगवेगळे भाग, करू शकणारा असेल तर सर्व्हर, लिपिकांचे संगणक, कॅमेरे-हजेरी यंत्रे आणि अभ्यागतांचे वायफाय असे चार वेगळे भाग पाडणे हे एका सुट्टीच्या दिवसाचे काम आहे. तसा स्विच नसेल तर तरतुदीतून आधी तो घ्या. अभ्यागतांचे वायफाय तर आजच तोडा.

महाराष्ट्रात असे काही होत नाही असे कोणी म्हणाले, तर मार्च २०२१ मध्ये एमआयडीसीच्या सर्व्हरवर झालेल्या खंडणी-हल्ल्याची (माहिती कुलूपबंद करून ती सोडवण्यासाठी पैसे मागण्याच्या प्रकाराची) आठवण करून द्यावी. राज्यभरातील उद्योजकांच्या ऑनलाइन सेवा तेव्हा बंद पडल्या होत्या.

तपासनीस

मी सरकारी कार्यालयांच्या प्रणालींचे सुरक्षा लेखापरीक्षण करणाऱ्या एका संस्थेत आहे. वरील प्रतिसादाशी सहमत आहे, पण माझ्या मते क्रमात बॅकअप अगदी वर यायला हवा.

कायम जोडलेली हार्ड डिस्क हा बॅकअप मानू नये. खंडणीखोर प्रोग्राम सर्व्हरला दिसणारी प्रत्येक डिस्क कुलूपबंद करतो, किंबहुना बॅकअप शोधून तो आधी नष्ट करणे हा त्याच्या नेहमीच्या कामाचाच भाग असतो. एम्सच्या बाबतीत ई-हॉस्पिटलची माहिती परत मिळाली ती एका बॅकअप सर्व्हरला झळ पोहोचली नव्हती म्हणून. आपल्याकडे आणखी दोन डिस्क घ्या, आळीपाळीने वापरा, आणि एक नेहमी काढलेली व दुसऱ्या इमारतीत, शक्यतो लेखापालांच्या कुलूपबंद कपाटात असू द्या. तीवरील माहिती एन्क्रिप्ट केलेली (कळीशिवाय वाचता न येणारी) असावी, नाही तर डिस्क हरवली म्हणजे साऱ्या गावाचे मोबाइल क्रमांक आणि थकबाकी रस्त्यावर. मग तिमाहीतून एकदा त्या डिस्कवरून दुसऱ्या संगणकावर पूर्ण प्रणाली उभी करून पाहा आणि गेल्या महिन्यातील कोणतीही एक पावती निघते का ते तपासा. लेखापरीक्षणात मी हे करून दाखवा असे म्हणतो तेव्हा बहुतेक ठिकाणी शांतता पसरते. बॅकअप रोज घेतला जात असतो, पण तो कोणी कधी उघडून पाहिलेला नसतो.

आता प्रमाणपत्राविषयी. संकेतस्थळाचे ‘सेफ टू होस्ट’ प्रमाणपत्र म्हणजे अमुक दिवशी, अमुक आवृत्तीत, अमुक पत्त्यावरील संकेतस्थळात ज्ञात त्रुटी आढळल्या नाहीत, एवढेच. कोड बदलला की त्याचा अर्थ संपतो, आणि इमारतीतल्या कर सर्व्हरबद्दल ते एक अक्षरही सांगत नाही. तरीही ‘आमचे लेखापरीक्षण झाले आहे’ हे वाक्य बैठकांमधून असे फेकले जाते की जणू सगळी नगरपरिषद तपासली गेली. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने जुलै २०२५ मध्ये लेखापरीक्षणाची सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत वर्षातून किमान एकदा लेखापरीक्षण अपेक्षित आहे. पुढच्या वेळी कार्यादेशात कर प्रणाली आणि अंतर्गत जाळे यांचा स्पष्ट उल्लेख करा, अन्यथा लेखापरीक्षक दिलेल्या पत्त्यापलीकडे पाहणार नाही. आमच्या व्यवसायातही सर्वांत कमी दराला काम घेऊन एका सॉफ्टवेअरचा अहवाल छापून देणारे आहेत.

सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे, ठरवून दिलेल्या प्रकारची सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणे बंधनकारक आहे आणि हे शासकीय संस्थांनाही लागू आहे. शुक्रवारी सायंकाळी सर्व्हर बंद पडला तर सोमवारी साहेब आल्यावर पाहू, ही पद्धत त्यात बसत नाही. कोणी कळवायचे, त्याच्या अनुपस्थितीत कोणी, आणि वरिष्ठांची परवानगी न घेता कळवण्याचा अधिकार त्याला आहे का, हे आधीच लेखी ठरलेले असावे. शिवाय १९३० हा क्रमांक आर्थिक फसवणुकीसाठी आहे. सर्व्हरवरील हल्ल्याची तक्रार तेथे करून काम झाले असे समजणारी कार्यालये मी पाहिली आहेत.

त्याच निर्देशांत लॉग (यंत्रावर कोणी केव्हा काय केले याच्या आपोआप होणाऱ्या नोंदी) १८० दिवस जपण्याची अट आहे. विंडोजमध्ये सुरक्षाविषयक नोंदींसाठी मुळात २० एमबी जागा असते आणि ती भरली की जुन्या नोंदी पुसल्या जाऊ लागतात. वर्दळीच्या सर्व्हरवर हे काही दिवसांतच घडते. ही मर्यादा वाढवणे हे काही मिनिटांचे आणि फुकटचे काम आहे. सर्व यंत्रांची घड्याळेही एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवा. कॅमेऱ्याचे घड्याळ सव्वा तास मागे आणि सर्व्हरचे दहा मिनिटे पुढे असेल, तर रात्री त्या खुर्चीवर कोण बसले होते हे कोणत्याही तपास अधिकाऱ्याला सिद्ध करता येणार नाही.

अतिरिक्त_पदभार

वरील दोन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, पण ते वाचताना असे वाटले की लिहिणाऱ्यांनी दाखल्यांच्या खिडकीच्या आतल्या बाजूला कधी बसून पाहिलेले नाही. मी ग्रामपंचायत अधिकारी आहे. माझ्याकडे एका गावाचा मूळ आणि आणखी दोन गावांचा अतिरिक्त पदभार आहे, आणि असा पदभार सांभाळणारी मी तालुक्यात एकटी नाही.

डोंगल ऑपरेटरकडे का जाते, हे कोणी विचारत नाही. सोमवारी मी एका गावात, मंगळवारी दुसऱ्या गावात, बुधवारी पंचायत समितीच्या आढावा बैठकीत असते. डोंगल एक, आणि ज्या संगणकावर ते चालते तो बसवलेला संगणकही एक. दाखला मागणाऱ्या विद्यार्थ्याच्या प्रवेशाची मुदत त्याच दिवशी संपत असते. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली मुदतीत सेवा न दिल्यास पदनिर्देशित अधिकाऱ्याला ५०० पासून ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि प्रलंबित अर्जांची यादी दर आठवड्याला कार्यालयाच्या मोबाइल गटावर (ग्रुपवर) सर्वांसमोर येते. डोंगल स्वतःच्या पर्समध्ये ठेवल्याबद्दल आजवर कोणाचे कौतुक झालेले मी ऐकलेले नाही. प्रलंबित अर्जांबद्दल बोलणी मात्र सर्वांनीच खाल्ली आहेत. अशा वेळी माणूस काय करेल हे सांगायला सायबर तज्ज्ञ लागत नाही.

ओटीपीचेही तसेच. ओटीपी माझ्या मोबाइलवर येतो, ऑपरेटर फोन करतो, मी सांगते. दोन टप्प्यांची पडताळणी कागदावर पूर्ण झालेली असते. काही गावांत तर रेंज यावी म्हणून ओटीपीसाठी पाण्याच्या टाकीजवळ जावे लागते. पोर्टल दिवसा चालत नाही म्हणून नोंदी रात्री अकरानंतर, घरच्या लॅपटॉपवर भरल्या जातात. त्या लॅपटॉपवर दिवसा मुलांचे खेळ चाललेले असतात.

कलम ४२ दाखवून अधिकाऱ्याला घाबरवणे सोपे आहे. पण त्यानंतर डोंगल खणातून निघून ऑपरेटरच्या खिशात जाईल, एवढाच बदल होईल. कागदोपत्री दोष मात्र आता पक्का माझा असेल. काम करण्याची पद्धत बदलणार नसेल तर सुरक्षेचा प्रत्येक नियम शेवटी खालच्या कर्मचाऱ्यावर जबाबदारी ढकलण्याचे साधन होतो. पूर्णाकाठ यांना विनंती आहे की, दिवसाला किती दाखले निघतात, त्यांवर स्वाक्षरी करायला अधिकाऱ्यांना प्रत्यक्ष किती वेळ लागतो आणि तो वेळ त्यांच्याकडे कधी असतो, हे आधी मोजा. त्यानंतर डोंगल काढून घ्या.

जुना_प्रोग्रामर

ताईंचा मुद्दा मान्य आहे, आणि तो माझ्या प्रतिसादात यायला हवा होता. मात्र त्यावरचा उपाय प्रणालीतच बऱ्याच अंशी असतो आणि तो मागितला जात नाही, असे माझे निरीक्षण आहे.

ऑपरेटरला अधिकाऱ्याचे लॉगिन लागते ते बहुतेक वेळा स्वाक्षरीसाठी नव्हे, तर नोंद भरण्यासाठी. ज्या प्रणालीत नोंद भरणाऱ्याची आणि मंजूर करणाऱ्याची ओळख वेगळी ठेवता येते, तेथे प्रत्येक ऑपरेटरला त्याच्या स्वतःच्या नावाचे, फक्त भरण्यापुरते लॉगिन द्यावे. मग अधिकाऱ्याकडे उरते ते तपासून एकगठ्ठा स्वाक्षरी करण्याचे काम, जे दिवसातून दोन ठरावीक वेळा, अर्ध्या-अर्ध्या तासात होऊ शकते. नगरपरिषदेत अधिकारी एकाच इमारतीत असतात, त्यामुळे तेथे हे लगेच जमण्यासारखे आहे. सकाळी अकरा आणि दुपारी चार अशा स्वाक्षरीच्या वेळा खिडकीवर लावा. नागरिक अशा वेळा पाळतात, त्यांना खटकते ती अनिश्चितता. जेथे अधिकारी फिरतीवर असतात तेथे आधार-आधारित ई-स्वाक्षरीचा पर्याय पोर्टलमध्ये उपलब्ध करून देण्याची मागणी संघटनेमार्फत लावून धरावी, कारण तिला डोंगल आणि ठरलेला संगणक दोन्ही लागत नाहीत. ओटीपी फोनवरून सांगण्याचा प्रश्न त्यानेही सुटत नाही, हे खरे आहे.

कंत्राटी ऑपरेटर सोडून जातो तेव्हा त्याचे लॉगिन बंद होते का, हेही तपासा. शेवटचे देयक काढण्यापूर्वी ‘लॉगिन बंद केले’ असा दाखला संगणक कक्षाकडून लागेल, एवढी एक ओळ आस्थापनेच्या तपासणी सूचीत घातली की ते आपोआप होऊ लागते. मी काम केलेल्या ठिकाणी याचा उपयोग कोणत्याही सॉफ्टवेअरपेक्षा अधिक झाला.

यॉर्कशायरकर

मी मूळचा साताऱ्याचा, सध्या इंग्लंडच्या उत्तर भागात एका सार्वजनिक रुग्णालयाच्या संगणक विभागात आहे. येथील दोन घटना आपल्या चर्चेला जवळच्या आहेत.

मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्राम आला तेव्हा इंग्लंडच्या २३६ आरोग्य ट्रस्टपैकी किमान ८० ट्रस्टना त्याचा फटका बसला. मायक्रोसॉफ्टने ती त्रुटी बुजवणारा पॅच त्याआधी मार्चमध्येच दिला होता. तेव्हा सर्वांनी खापर विंडोज एक्सपीवर फोडले, पण येथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या अहवालात दिसले की बाधित यंत्रांपैकी बहुसंख्य विंडोज ७ वर होती, जी तेव्हा आधाराखाली (म्हणजे कंपनीकडून अद्यतने मिळणारी) होती आणि फक्त अद्ययावत केलेली नव्हती. यंत्र जुने असणे आणि यंत्राकडे दुर्लक्ष होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीला नवी खरेदी लागत नाही.

दुसरी घटना ३ जून २०२४ ची. लंडनमधील मोठ्या रुग्णालयांच्या रक्त तपासण्या करणाऱ्या सिनोव्हिस या पुरवठादार संस्थेवर खंडणी-हल्ला झाला. रुग्णालयांचे स्वतःचे सर्व्हर ठीक होते, पण रक्तगट जुळवून पाहण्याची नेहमीची सोय गेली, म्हणून बहुतेकांना चालणारे ओ गटाचे रक्त अधिक प्रमाणात वापरावे लागले आणि त्या गटाच्या दात्यांना देशभर आवाहन करण्यात आले. बाह्यरुग्णांच्या १० हजारांहून अधिक भेटी पुढे ढकलल्या गेल्या. आपल्या कर प्रणालीच्या कंपनीकडे पाहताना हे लक्षात असू द्यावे. तिचे तंत्रज्ञ ज्या संगणकावरून आपल्या सर्व्हरमध्ये येतात, त्याच संगणकावरून ते बहुधा आणखी अनेक नगरपरिषदांमध्येही जात असतील. त्यांच्याकडे एक चोर शिरला की सगळ्यांच्या घरात शिरला. दूरस्थ प्रवेश एरवी बंद ठेवा, त्यांनी फोन करून मागितल्यावर ठरावीक वेळापुरता उघडा, नोंदवहीत लिहा, काम संपले की बंद करा. सुरुवातीला कंपनी कुरकुर करेल. करार नूतनीकरणाच्या वेळी घटना घडल्यास किती तासांत कळवायचे आणि माहिती कोणत्या स्वरूपात परत द्यायची, हेही लिहून घ्या.

आणखी एक बारीकसा मुद्दा. येथे वॉनाक्रायच्या दिवशी ईमेल बंद झाल्यावर कर्मचाऱ्यांना स्वतःच्या मोबाइलवरून आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून एकमेकांना गाठावे लागले. संपर्कांची यादी संगणकात असून उपयोग नाही, ती छापलेली हवी. त्याचप्रमाणे पाणीपट्टी आणि कर भरून घेण्याची हस्तलिखित पावतीपुस्तके क्रमांक टाकून तयार ठेवा, आणि वर्षातून एक दिवस मुद्दाम त्यांच्यावर काम करून पाहा. आम्ही करतो. पहिल्या वेळी बराच गोंधळ उडतो, नंतर कमी होतो.

पूर्णाकाठ

सर्वांचे आभार. आज सर्व्हरची जोडलेली डिस्क काढून ठेवली आणि अभ्यागतांचे वायफाय बंद केले. दुसऱ्या कामाबद्दल नगरसेवकांचे दोन फोन आले. दाखल्यांची मोजणीही सुरू केली आहे. दोन शंका राहिल्या. एक, एनआयसीच्या २०२२ च्या सूचनांत पासवर्ड दर ४५ दिवसांनी बदलावा असे आहे. आमच्याकडे तो नियम लागू केला की महिन्याचे नाव शेवटी जोडून तोच पासवर्ड चालतो. दुसरी शंका विंडोज १० च्या संगणकांची.

तपासनीस

४५ दिवसांचा नियम जून २०२२ च्या त्या सूचनांत आहे हे खरे. त्याच दस्तऐवजात कार्यालयीन कागद कॅमस्कॅनरसारख्या अ‍ॅपवर स्कॅन करू नयेत, बाहेरच्या क्लाउड सेवांवर ठेवू नयेत, हेही आहे आणि तो भाग आजही तंतोतंत पाळावा असाच आहे. ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावण्याच्या बाबतीत मात्र जगभरातील तज्ज्ञांचे मत पालटले आहे. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने २०१७ मध्ये त्याविरुद्ध सल्ला दिला आणि २०२५ च्या आवृत्तीत तर तशी सक्ती करूच नये असे म्हटले, कारण माणसे नेमके तेच करतात जे आपले लिपिक करत आहेत. पासवर्ड फुटल्याचा संशय आला तर मात्र तो तत्क्षणी बदलायचा. माझा सल्ला असा की जेथे शासनाची प्रणाली बदल मागते तेथे तो करा, पण आपल्या स्वतःच्या कर प्रणालीत लांब पासवर्ड, प्रत्येकाला वेगळे लॉगिन आणि शक्य तेथे दुसरा टप्पा यांवर भर द्या. दुसऱ्या टप्प्याचे अ‍ॅपही अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावे लागते. सरकारी ईमेलसाठीच्या ‘कवच’ या अ‍ॅपची बनावट आवृत्ती जाहिरातींतून पसरवून सरकारी कर्मचाऱ्यांनाच गाठण्याचा प्रकार २०२२ मध्ये झालेला आहे.

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. संस्थांना सशुल्क सुरक्षा अद्यतने जास्तीत जास्त तीन वर्षे, म्हणजे ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळू शकतात आणि त्यांचा दर दरवर्षी वाढत जातो. सर्व यंत्रांना एकाच मापाने मोजू नका. ज्यांवर फक्त ब्राउझरमधले काम होते त्यांवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली चालेल, सी-डॅक या सरकारी संस्थेची बॉस ही लिनक्सवर बेतलेली प्रणालीही आहे. फक्त आधी डोंगलचा ड्रायव्हर आणि प्रिंटर चालतो का ते एका यंत्रावर पाहा. श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमधल्या जुन्या फाइली ज्या टेबलांवर उघडाव्या लागतात, तेथे हा प्रयोग करू नका, लिपिक दुसऱ्याच दिवशी जुने यंत्र परत मागतील. कर भरणा आणि स्वाक्षरी ज्या दोन-तीन संगणकांवर होते ते मात्र नवे घ्या. तरतुदीचा पहिला खर्च स्विच आणि बॅकअपच्या डिस्क, दुसरा हे संगणक. फायरवॉल उरलेल्या रकमेत बसली तर बसली. संगणक बॉटच्या जाळ्यात (दूरवरून चोरट्यांच्या हुकमतीत गेलेल्या यंत्रांत) सापडला आहे का हे तपासण्याची साधने सायबर स्वच्छता केंद्राकडून विनामूल्य मिळतात, ती सर्व यंत्रांवर एकदा चालवून घ्या.

अतिरिक्त_पदभार

मोजणी सुरू केल्याबद्दल विशेष आभार. कार्यालयीन आदेश काढाल तेव्हा माझ्यातर्फे एक परिच्छेद त्यात घालता आला तर पाहा. साधारण असा : ‘डिजिटल स्वाक्षरीचे टोकन संबंधित अधिकाऱ्यांनी स्वतःच्या ताब्यात ठेवावे. स्वाक्षरीसाठी कार्यालयीन दिवशी सकाळी ११ ते ११.३० आणि दुपारी ४ ते ४.३० ही वेळ राखून ठेवण्यात येत असून या वेळेत कोणतीही बैठक अथवा दौरा ठेवू नये. अधिकारी रजेवर अथवा दौऱ्यावर असल्यास प्रभार लेखी स्वरूपात, ज्यांच्याकडे स्वतःच्या नावाचे टोकन आहे अशाच अधिकाऱ्यांकडे द्यावा. या कारणास्तव एखाद्या दाखल्यास एक कार्यालयीन दिवस विलंब झाल्यास त्याबाबत संबंधित लिपिक किंवा ऑपरेटर यांच्याकडून खुलासा मागवला जाणार नाही.’ शेवटचे वाक्य कोणी खोडायला सांगितले, तर कोणी सांगितले ते येथे जरूर कळवा.